हरणाचं मांस की बीफ? लोह कमी असलेल्या मुलीसाठी विचारतेय

सुलभा_लश्कर

मंडळी, माझी मुलगी न्यूझीलंडला ड्युनेडिनमध्ये शिकते. तिथे केलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ९ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि सोबत आठवड्यातून दोन-तीनदा लाल मांस खायला सांगितलंय. आमच्याकडे मटण, मासे, अंडी सगळं चालतं. बीफ घरात कधी आलेलं नाही आणि तिलाही ते खायचं नाही. लँब तिथे मुबलक मिळतं, पण त्याच्या चरबीच्या वासाने तिला मळमळतं. बोकडाचं मटण तिच्या भागात सहज मिळत नाही. राहिलं व्हेनिसन, म्हणजे हरणाचं मांस. ते तिथल्या सुपरमार्केटात पाकिटात मिळतं म्हणे.

इथे ग्वाल्हेरात, घरात दोन मतं आहेत. सासूबाई म्हणतात हरीण फार उष्ण, पोरीला सोसायचं नाही. धाकटे दीर म्हणतात त्याच्यासारखी ताकद कशातच नाही, आपले पूर्वज तेच खाऊन घोड्यावर बसत. मला आकड्यांनिशी समजून घ्यायचंय. तिथले डॉक्टर 'लाल मांस' म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात बीफच असणार. त्या जागी हरणाचं मांस पुरेसं पडतं का? लोह, प्रोटीन, चरबी, बी-१२ यांत कुठे कमी, कुठे जास्त?

बीफ खावं की खाऊ नये यावर चर्चा नको, एवढी विनंती. ज्यांनी अभ्यास केलाय किंवा स्वतः शिजवलंय त्यांनी जरूर लिहा.

पथ्यपाणी

सुलभाताई, मी ग्वाल्हेरातच आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, पुरेसं पडतं, आणि लोहाच्या बाबतीत बहुतेक वेळा बीफपेक्षा सरस ठरतं.

अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या हरणाच्या मांसात साधारण १२० कॅलरी, २३ ग्रॅम प्रोटीन, २.४ ग्रॅम चरबी आणि ३.४ मिलिग्रॅम लोह दिलंय. बीफचा तिकडे सर्रास विकला जाणारा खिमा, ज्यात २० टक्के चरबी असते, तो घेतला तर तेवढ्याच वजनात २५४ कॅलरी, १७ ग्रॅम प्रोटीन, २० ग्रॅम चरबी आणि जेमतेम १.९ मिलिग्रॅम लोह. फरक डोळ्यांत भरतो.

पण ही तुलना पुरती न्याय्य नाही, आणि बहुतेक लेख इथेच वाचकाची फसगत करतात. एका बाजूला चरबी काढलेलं हरीण आणि दुसऱ्या बाजूला चरबीचा खिमा ठेवला की हरीण जिंकणारच. बीफचा मागच्या मांडीचा, कडेची चरबी कापून टाकलेला तुकडा घ्या. त्यात चरबी तीन ते पाच ग्रॅमवर येते आणि प्रोटीन हरणाच्या बरोबरीला जातं. म्हणजे चरबीचा मोठा वाटा प्राण्यापेक्षा तुकड्यावर ठरतो. उलट बाजूनेही हेच दिसतं. हरणाच्या खिम्यात त्याच तक्त्याप्रमाणे चरबी सात ग्रॅमपर्यंत जाते आणि लोह २.९ वर उतरतं.

मांडीला मांडी लावून पाहिलं तरी लोहात हरीण पुढे राहतं. बी-१२ मध्येही तसंच, १०० ग्रॅममध्ये सहा मायक्रोग्रॅमच्या वर. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असते. बीफ सरस ठरतं ते झिंकमध्ये. खिम्यात चार मिलिग्रॅमच्या वर झिंक, हरणात त्याच्या निम्मं.

कोलेस्टेरॉलबद्दल आत्ताच सांगते, कारण तो प्रश्न येतोच. चरबी कमी म्हणून कोलेस्टेरॉल कमी असं गणित नाही. हरणात ते ८५ मिलिग्रॅम, बीफ खिम्यात ७१. कोलेस्टेरॉल पेशींच्या पडद्यात असतं, त्यामुळे चरबी कापली तरी ते मांसात राहतंच. तरीही रक्तातल्या कोलेस्टेरॉलचा विचार करायचा तर सॅच्युरेटेड फॅट जास्त महत्त्वाचं. ते हरणात एक ग्रॅमहून कमी आणि त्या खिम्यात साडेसातच्या आसपास. गंमत अशी की एकूण चरबीतलं सॅच्युरेटेडचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखंच आहे, चाळीस टक्क्यांच्या आगेमागे. 'हरणाची चरबी चांगल्या जातीची' हा समज त्यामुळे टिकत नाही. ती मुळात थोडी असते, हा खरा फायदा.

राजगिरा

आमच्याकडे पूर्ण शाकाहार आहे, तरी उत्सुकतेने वाचतेय. एक शंका. राजगिरा, हरभरे, तीळ, अळू, खजूर यांच्या तक्त्यांत लोहाचे आकडे मांसापेक्षा मोठे दिसतात. मग डॉक्टर मांसाकडेच का पाठवतात? गूळ-शेंगदाणे खाऊन हिमोग्लोबिन वाढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

पथ्यपाणी

राजगिराताई, फार चांगलं विचारलंत.

तक्त्यातला आकडा म्हणजे ताटात किती आलं. रक्तात किती गेलं, ते वेगळं. मांसातलं साधारण निम्मं लोह 'हीम' प्रकारचं असतं आणि त्यातलं १५ ते ३५ टक्के शोषलं जातं. डाळी-भाज्यांतलं सगळं लोह दुसऱ्या प्रकारचं. ते कधी दोन टक्के, कधी पंधरा-वीस, सोबत काय खाल्लं त्यावर अवलंबून. धान्य-डाळींतलं फायटेट आणि चहातलं टॅनिन त्याला अडवतं, लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व त्याला मदत करतं. आपल्या आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये प्रौढ स्त्रीसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलं, अमेरिकेत तोच आकडा १८ आहे. आपल्या जेवणातून शोषण कमी होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला आवर्जून सांगते. मांस सोबत असलं की त्याच जेवणातल्या डाळ-भाजीचं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. म्हणून सुलभाताईंच्या मुलीने भलामोठा स्टेक एकटा खाण्यापेक्षा वरण, पालेभाजी आणि लिंबाबरोबर मांसाचा मध्यम तुकडा खाल्ला तर तेवढ्याच मांसातून जास्त पदरात पडतं.

शाकाहारातूनही भरपाई होते, वेळ जास्त लागतो आणि चहाची वेळ पाळावी लागते. जेवणाच्या आधी-नंतर किमान तासभर चहा-कॉफी नको. आपल्या ग्वाल्हेरात जेवण झालं की लगेच चहा टाकायची जी पद्धत आहे, तिच्यापायी किती बायकांचं लोह वाया जातं हे मी रोज पाहते आणि खरंच वाईट वाटतं.

छावणीतले_नाना

पोरींनो, छान चर्चा चाललीय. शिंदे की छावणीतला जुना माणूस आहे, दोन शब्द लिहितो.

आमचे आजोबा दरबारच्या नोकरीत होते. उन्हाळ्यात दरबार शिवपुरीला जाई, तिथलं जंगल शिंदे सरकारांची शिकारगाह. आज ज्याला आपण माधव राष्ट्रीय उद्यान म्हणतो तेच. तेव्हाच्या मुदपाकखान्यातल्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्या आहेत. सांबराचं मांस आचाऱ्यांना नकोसं वाटे. धागा जाड, रंग काळपट आणि चरबी नावाला नाही, त्यामुळे हात जरा चुकला की वातड. म्हणून आधी दही आणि कचरीची (मांस मऊ करणाऱ्या छोट्या रानकाकडीची) पूड लावून ठेवायचं आणि वरून तूप सढळ हाताने. वर पथ्यपाणीताईंनी २.४ ग्रॅम चरबीचा आकडा दिलाय, तो आचाऱ्यांना तक्त्याशिवायच ठाऊक होता.

तेव्हा सुलभाच्या दिरांनी हेही लक्षात घ्यावं, की ज्या ताकदीचं वर्णन होतं त्यात तुपाचा आणि दिवसभर घोड्यावर केलेल्या दौडीचा वाटा केवढा होता.

आता जे सांगतो ते मनापासून. ही चर्चा न्यूझीलंडच्या मांसाची आहे, तिथेच राहू द्या. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत, मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. मांस बाळगणं आणि विकत घेणं हाही गुन्हाच. चंबळकडच्या गावांत अजून कधी कुणी हळूच 'जंगलचा माल' विचारतो. कुणी घेऊ नये. कूनोत २०२२ साली चित्ते आणले, त्यांचं पोट त्याच चितळांवर आहे. माधव उद्यानाचा २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. हरीण राहिलं तर वाघ राहील. आमच्या आधीच्या पिढ्यांनी जंगल बेसुमार ओरबाडलं, ते भरून यायला अजून बराच काळ जावा लागेल.

दक्षिणवारा

नाना, नमस्कार. मी मूळचा ग्वाल्हेरातल्या दौलतगंजचा, सध्या न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये राहतो. सुलभाकाकू, तुमच्या मुलीच्या शहरापासून फार लांब नाही.

नानांनी मांडलेली काळजी इथे लागू होत नाही, उलट इथली गोष्ट नेमकी उलटी आहे. हरीण इथलं मूळचं जनावर नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी शिकारीसाठी तांबडं हरीण आणून सोडलं. वाघ-बिबट्यासारखा शिकारी प्राणी इथे नाहीच, त्यामुळे संख्या बेफाम वाढली, डोंगरावरचं रान उजाड होऊ लागलं आणि पुढे सरकारला माणसं नेमून हरणं मारून घ्यावी लागली. १९६९ मध्ये हरीणपालनाला कायद्याने परवानगी मिळाली आणि उंच कुंपणाच्या कुरणांत ती पाळायला सुरुवात झाली. आज पाळीव हरणाचं मांस निर्यात करण्यात हा देश जगात आघाडीवर आहे.

सुपरमार्केटातलं पाकीट या पाळीव हरणांचं असतं. कोवळं जनावर, मुख्यतः गवतावर वाढलेलं. सांबरासारखा उग्र वास येत नाही. लँबच्या वासाने मळमळणाऱ्याला हे सहज चालून जावं, कारण लँबचा तो वास त्याच्या चरबीत असतो आणि इथे चरबीच थोडी.

पाकिटावर काय लिहिलंय ते मात्र तिला बघायला सांगा. 'डाइस्ड' (तुकडे केलेलं) किंवा 'लेग स्टेक' (मांडीचा काप) असेल तर निव्वळ मांस. सॉसेज किंवा बर्गर पॅटी असेल तर त्यात दुसऱ्या जनावराची चरबी मिसळलेली असू शकते, कधी डुकराची, कधी बीफची. बीफ टाळायचं असेल तर घटकांची यादी वाचल्याशिवाय ती दोन घेऊ नयेत.

सुलभा_लश्कर

हे फार महत्त्वाचं सांगितलंत हो! तिने सॉसेजच घ्यायचं ठरवलं होतं, करायला सोपं म्हणून. लगेच कळवते.

मिशिगनकर

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो, कारण इथलं चित्र न्यूझीलंडसारखं नाही. इथे शिकार केलेलं हरणाचं मांस दुकानात विकता येत नाही. दुकानातलं असेल ते पाळीव, किंवा बाहेरून आलेलं. पण शेजारी, सहकारी शिकारीला जातात आणि प्रेमाने डबा भरून देतात. ते घेताना दोन गोष्टी विचाराव्यात.

पहिली, गोळी कशाची होती. शिशाची गोळी हाडावर आदळली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब पसरतात आणि खिम्यात मिसळले तर दिसतही नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्याने गरिबांसाठी दान आलेलं हरणाचं मांस याच कारणाने फेकून द्यायला सांगितलं होतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांनी शिशाच्या गोळीने मारलेल्या हरणाचं मांस टाळलेलंच बरं.

दुसरी, हरणांचा 'क्रॉनिक वेस्टिंग' नावाचा मेंदूचा रोग. १९६७ मध्ये कोलोराडोत तो पहिल्यांदा दिसला, आता अनेक राज्यांत आहे. माणसाला झाल्याची एकही सिद्ध घटना नाही, तरी इथली आरोग्ययंत्रणा सांगते की त्या भागातल्या हरणाची तपासणी करून घ्या आणि रोग निघाला तर मांस खाऊ नका. शिजवून तो जात नाही, म्हणून तपासणी हाच उपाय.

न्यूझीलंडमध्ये हा रोग आढळलेला नाही, त्यामुळे सुलभाताई, तुम्ही निर्धास्त असा.

कंपूवाला

माझा प्रश्न इथल्या मंडळींसाठी आहे. आपल्याला हरीण मिळणार नाही आणि मिळू नयेही. गोवंशाच्या मांसावर मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने बंदी आहे. मग ग्वाल्हेरात बसलेल्या माणसाने हे सगळं वाचून करायचं काय? आमच्या हिचंही हिमोग्लोबिन दहाच्या आसपास असतं.

पथ्यपाणी

कंपूवाले दादा, तुमच्या हाताशी बोकड आहे, आणि हरणाच्या सगळ्यांत जवळ जाणारं मांस तेच. त्याच अमेरिकी तक्त्यात बोकडाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात १०९ कॅलरी, २०.६ ग्रॅम प्रोटीन, २.३ ग्रॅम चरबी आणि २.८ मिलिग्रॅम लोह आहे. झिंक चार, म्हणजे हरणापेक्षा जास्त. आणि कोलेस्टेरॉल ५७, म्हणजे हरणापेक्षा कमीच. आपण मटणाला जड म्हणतो ते रश्श्यावरच्या तर्रीमुळे आणि खाटकाने वजनात घातलेल्या चरबीमुळे. मांडीचं, चरबी काढून मागा, तेल निम्मं करा, मग मटण बीफच्या खिम्यापेक्षा कितीतरी हलकं.

कोंबडीने मात्र लोहाची भरपाई होत नाही. शिजलेल्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला जेमतेम एक मिलिग्रॅम. कलेजीत भरपूर असतं, आठवड्यातून एकदा थोडी खायला हरकत नाही. गरोदर बायकांनी मात्र कलेजी टाळावी, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

म्हशीच्या मांसाबद्दलही लोक मला विचारतात, कारण भारतातून 'बीफ' म्हणून निर्यात होतं ते म्हशीचंच. त्यात चरबी दीड ग्रॅमहून कमी आणि लोह १.६ मिलिग्रॅम. म्हणजे 'बीफमध्ये लोह' असं कुणी म्हटलं तर कोणतं जनावर, कोणता तुकडा, हे विचारल्याशिवाय तो आकडा घेऊ नका.

आणि दादा, वहिनींचं हिमोग्लोबिन दहावर अडकलंय तर नुसतं खाणं बदलून थांबू नका. बारा ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया. पाळीत जास्त रक्त जातंय का, जंत आहेत का, आतड्यात शोषण होतंय का, बी-१२ किती आहे, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या. कारण सापडलं नाही तर मांस काय आणि गोळ्या काय, गळक्या हंड्यात पाणी भरल्यासारखं होईल.

वाडेवाली

आणि उष्णतेचं काय? सुलभाच्या सासूबाईंचा मुद्दा तसाच राहिला. माझ्याही आजीचं हेच म्हणणं असायचं.

पथ्यपाणी

आजीबाईंच्या अनुभवाला मी हसणार नाही. प्रोटीन पचवताना शरीर जास्त ऊर्जा खर्च करतं आणि थोडी उष्णता तयार होते, हे खरं आहे. ते सगळ्याच मांसाला लागू आहे, हरणाला वेगळं नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात, मसाला आणि तुपात परतलेलं शिकारीचं मांस खाऊन त्रास झाला असेल तर नवल नाही. ड्युनेडिनच्या थंडीत, साध्या भाजलेल्या दीडशे ग्रॅम मांसाने काही होणार नाही. पाणी भरपूर प्यावं, भाजी सोबत असावी. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं आणि शौच काळी होते, ते बघून कुणी 'उष्ण पडलं' असं समजू नये.

फक्त कुणाला युरिक ॲसिडचा त्रास असेल तर त्याने हरीण काय नि बीफ काय, बेतानेच.

किती खावं तेही सांगते. लाल मांस आठवड्याला शिजलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम, त्याहून जास्त नको. आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो असं दिसल्याने ही मर्यादा दिली जाते. हरीण चरबीने हलकं म्हणून त्याला सूट नाही. मुलीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं दोन-तीनदा या मर्यादेत छान बसतं.

सुलभा_लश्कर

पथ्यपाणीताई, तुमचं सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, थंडीत खाऊ दे, पण वर ताक पिऊ दे. तेवढी परवानगी मिळाली.

ताकाने काही बिघडत नाही ना? आणि शेवटचा प्रश्न स्वयंपाकाचा. तिने 'शँक' म्हणून काहीतरी आणलंय आणि एक पाकीट लेग स्टेक. तिच्याकडे छोटा कुकर आहे आणि एक तवा. दोन्ही कुकरला लावू का, असं विचारतेय.

पथ्यपाणी

ताकातलं कॅल्शियम लोहाला थोडं अडवतं. ताक दुसऱ्या जेवणाला घेऊ दे, या जेवणाला लिंबू पिळू दे. आणि लोहाची गोळी दुधाबरोबर तर अजिबात नको.

दक्षिणवारा

काकू, दोन्ही कुकरला नको, लेग स्टेकची वाट लागेल. नानांनी म्हटलंय तसं यात चरबी नाही, आणि लेग स्टेकमध्ये चिवट शिरासुद्धा फारशा नसतात. कुकरमध्ये त्याचा सगळा रस निघून जातो आणि उरतो तो भुसा. स्टेक फ्रिजमधून काढून पुसून घ्यायचा, मीठ-मिरी-आलंलसूण लावायचं, तवा चांगला तापवायचा, थोडं तेल, आणि बोटभर जाडीचा असेल तर प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटं. खाली काढून पाच मिनिटं झाकून ठेवायचा, मग आडवे काप. आत थोडा गुलाबी राहिला तर चालतो. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश. खिमा कधी आणला तर तो मात्र पूर्ण शिजवायचा, ७१ अंशांपर्यंत, गुलाबी ठेवायचा नाही.

शँक म्हणजे आपली नळी. तिच्यात चिवट भाग भरपूर, तो सावकाश शिजला की विरघळतो आणि रस्सा दाट होतो. ती कुकरला लावा. कांदा, टोमॅटो, आलं-लसूण, काळा मसाला असेल तर एक चमचा, पाणी बुडेपर्यंत. तीन शिट्ट्या मोठ्या आचेवर, मग मंद आचेवर अर्धा तास. मांस हाडापासून सुटायला हवं, नसेल तर आणखी दहा मिनिटं. टोमॅटो सढळ घालू दे.

छावणीतले_नाना

कचरी तिकडे मिळत नसेल तर दह्यात कच्च्या पपईचा कीस चमचाभर. पण फक्त नळीला, आणि तासाभराहून जास्त ठेवायचा नाही, नाहीतर लगदा होतो. स्टेकला काहीच लावायची गरज नाही, जनावर कोवळं आहे म्हणतोय ना हा.

कंपूवाला

आमच्याकडे आज मांडीचं आणलं, चरबी काढून. खाटीक जरा कुरकुरला, पण दिलं. हिची रक्ततपासणीही सांगून ठेवलीय. पथ्यपाणीताई, पुन्हा तपासणी कधी करायची असते?

पथ्यपाणी

दादा, गोळ्या सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन चारेक आठवड्यांनी पाहतात, तोवर एक-दोन ग्रॅम चढलं तर दिशा बरोबर. ते बाराच्या वर गेलं तरी गोळ्या लगेच सोडायच्या नाहीत, साठा भरायला पुढे अजून तीनेक महिने लागतात. सुलभाताई, मुलीलाही हेच. फेरिटिन ९ म्हणजे साठा जवळजवळ रिकामा आहे, १५ च्या खाली रिकामाच धरतात. नुसत्या मांसाने तो भरणार नाही. गोळी रोज, डॉक्टर सांगतील तोवर, आणि हरीण तिच्या जोडीला.